आजीची गोधडी: जपावी, सांधावी की नवी शिवावी?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजीच्या लुगड्यांची, अंदाजे साठेक वर्षांपूर्वी शिवलेली गोधडी माहेरून तुमच्याकडे आली आहे. मधला भाग विरलाय आणि दोन ठिकाणी आतलं कापड दिसायला लागलंय. मुलगी शिकायला जर्मनीला निघाली आहे, तिच्याबरोबर ती द्यावी असं तुमच्या मनात आहे. एका प्रदर्शनात हाताने शिवलेली नवी गोधडी पाहिलीत, पण 8,000 रुपये किंमत ऐकून तशाच परतलात. घरचे म्हणतात, "चिंध्याच तर आहेत, त्यांचं एवढं काय?" आता आजीची दुरुस्त करून द्यावी, फ्रेम करून भिंतीवर लावावी, की तशीच नवी करून घ्यावी?

मी सातारा भागात गोधड्या शिवते, जुन्या दुरुस्त करून देते आणि गावातल्या मुलींना शिकवते. आमच्या पुढे सांगली-कोल्हापूरकडे हिला वाकळ म्हणतात. तुम्ही गोधडी लिहिलंय, तर मीही तेच लिहिते.

तुम्ही तीन पर्याय विचारलेत. पण माझ्याकडे जुनी गोधडी घेऊन येणाऱ्या बहुतेकांची खरी अडचण वेगळीच असते. गोधडीतलं नेमकं काय टिकवायचंय, हे त्यांनी ठरवलेलं नसतं. एक असतं कापड, म्हणजे आजीच्या अंगावरची लुगडी. दुसरा असतो टाका, म्हणजे आजीचा हात. आणि तिसरी ऊब, म्हणजे ती गोधडी घरातल्या कुणीतरी रोज पांघरणं. एकाच गोधडीत ही तिन्ही कायमची राहत नाहीत. पांघरली की कापड झिजणारच. भिंतीवर लावली की कापड आणि टाका दिसतात, ऊब गेली. नवी खोळ चढवली की ऊब राहते, जुना टाका झाकला जातो. तेव्हा या तिघांपैकी कशावर पाणी सोडायला तुमचं मन तयार आहे, ते आधी ठरवावं लागेल.

मी तुमची गोधडी पाहिलेली नाही, त्यामुळे अमुकच करा असं छातीठोक सांगणार नाही. कापडात दम किती आहे, रंग पक्के आहेत का, दोरा कोणता आहे, यावर बरंच अवलंबून आहे. हे सगळं तुम्हाला घरी तपासता येईल.

जमिनीवर स्वच्छ चादर अंथरा आणि तिच्यावर गोधडी उलटी, पाठ वर करून पसरा. पुढून आपलं लक्ष रंगांकडे जातं, पाठीवरून शिवण कळते. टाक्यांची ओळ बोटाने धरून तिच्यामागे जा. आपल्याकडच्या पुष्कळ गोधड्यांत ती काठाच्या कडेने सुरू होते, चारी बाजूंनी फिरते आणि एकात एक चौकटी करत मधोमध येऊन संपते. अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या क्विल्टवाल्या बायका याच्या अगदी उलट करतात. त्या मधून सुरुवात करतात आणि कापडाचा फुगवटा बाहेर काठाकडे ढकलत नेतात. त्यांचं वरचं कापड आधीच तुकडे जोडून तयार असतं, आत कापसाची किंवा पॉलिस्टरची गादी असते, ते ताणून चौकटीवर लावतात. आपल्याकडे चौकट नाही. बाई जमिनीवर बसते, गोधडी मांडीवर ओढत नेते. चारी काठ आधी बांधून घेतले नाहीत तर थर सरकतात. म्हणून काठ आधी, मध्य शेवटी. याचा परिणाम असा की सगळा फुगवटा मध्यावर येतो आणि तिथे बारीक सुरकुत्या पडतात. नवीन लोकांना तो दोष वाटतो. पण मध्यावरचं कापड किती सावरून बसवलंय यावरून शिवणारीचा हात कळतो. तुमच्या आजीची गोधडी मध्यावर जवळजवळ सपाट असेल, तर त्यांना हे काम फार चांगलं येत होतं असं समजा.

आता कोपरे पाहा. घाईत शिवलेल्या गोधडीचा कोपरा गोल होतो किंवा जाड गाठीसारखा होतो. नीट शिवलेल्या गोधडीत काठाचं कापड दुमडून काटकोन काढलेला असतो. कोपऱ्यावरून मला सिद्दी बायकांच्या कवंदीची आठवण येते. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले आणि त्यातले अनेक गोव्याच्या पोर्तुगीज अमलातून निसटून त्या जंगलात वसले. आजही त्यांच्यातले बरेचजण कोकणी बोलतात. त्यांची कवंदी आपल्या गोधडीची सख्खी बहीण आहे. तीसुद्धा काठाकडून आत शिवली जाते, तीसुद्धा जुन्या कपड्यांची. पण शेवटी चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचे लहान त्रिकोण एकावर एक बसवतात. त्याला त्या फुला म्हणतात. फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. ऊब चार त्रिकोणांनी वाढत नाही. तरीही ते लावायचेच, हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

मग गोधडी उजेडासमोर धरा. एकट्याने धरू नका, दोघींनी धरा, वजन टाक्यांवर येऊ देऊ नका. आतल्या थरांच्या सावल्या दिसतील. कुठे लुगड्याचा काठ आडवा गेलेला, कुठे धोतराचा पांढरा पट्टा, कुठे शर्टाची बाही. पुष्कळदा आत आणखी एक गोधडी निघते. आधीची फाटली की तिच्यावरच दोन्हीकडून जुनेर घालून पुन्हा टाके मारायचे, ही आपल्याकडची नेहमीची रीत. हे मुद्दाम सांगते, कारण "आजीच्या गोधडीला हात लावला तर ती बिघडेल" ही भीती तुमच्या प्रश्नातून मला जाणवली. आजीने स्वतःच कदाचित आपल्या सासूची गोधडी आत घालून ही शिवली असेल. तशी असेल तर तिच्यावर आणखी एक थर चढवण्यात वावगं काहीच नाही.

पण आधी कापडात जीव आहे का ते पाहावं लागेल. विरलेल्या जागेच्या कडेला, जिथे कापड अजून धड दिसतंय, तिथे बोटांच्या चिमटीत धरून अगदी हलकं ताणा. सुती कापड थोडं देतं आणि परत जागेवर येतं. ताणताच भसकन गेलं, किंवा बोटाला पिठासारखी पूड लागली, तर ते कापड संपलंय. नेहमीपेक्षा काळे आणि गडद तपकिरी भाग जास्त नीट तपासा. जुन्या पद्धतीत हे रंग बरेचदा लोखंड आणि हिरड्यासारख्या तुरट वस्तूंपासून करत. त्यातलं लोखंड वर्षानुवर्षं कापडाला आतून खात राहतं. म्हणून जुन्या छापील कापडात लाल फूल ठणठणीत आणि त्याच्याभोवतीची काळी रेघ मात्र कातरल्यासारखी गळून गेलेली दिसते. ते वापराने झिजलेलं नसतं. तिथे कितीही सांधलं तरी शेजारचा धागा तुटतो.

रंग पक्का आहे का, हे पाहायला कापूस ओला करून प्रत्येक रंगाच्या एका कोपऱ्यावर मिनिटभर दाबून धरा. कापसाला रंग लागला तर ती गोधडी पाण्यात घालायची नाही. आणि दोरा पाहा. सुती दोरा जुनाट, किंचित केसाळ दिसतो. चकचकीत गुळगुळीत असेल तर तो नंतर कुणीतरी मारलेला पॉलिस्टरचा असणार. पॉलिस्टरचा दोरा जुन्या सुती कापडापेक्षा मजबूत असतो आणि ओढ पडली की कापडालाच चिरत जातो. शक्य असेल तिथे तो अलगद उसवून काढा.

हे सगळं पाहून झालं की गोधडी साधारण तीनपैकी एका अवस्थेत निघते.

कापडाची पूड होत असेल तर ती पांघरायची नाही. ती ठेवायची, आणि ठेवायची म्हणजे नीट. घडी घालून ट्रंकेत ठेवली तर घडीच्या रेघेवरच ती तुटते. धुतलेलं मांजरपाट जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळा, त्यावर गोधडी सैल गुंडाळा, वरून पुन्हा मांजरपाट. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नको, दमट हवा आत कोंडते आणि बुरशी येते. लोखंडी ट्रंकेचा गंज कापडाला लागतो, म्हणून मध्ये कापड हवंच. डांबराच्या गोळ्यांपेक्षा वेखंडाच्या कांड्या कापडात बांधून ठेवा, त्याही गोधडीला चिकटू देऊ नका. वर्षातून दोनदा उलगडून सावलीत वारा द्या.

भिंतीवर लावायचा विचार असेल तर काचेला चिकटवून फ्रेम करू नका. कोकणात, मुंबईत तर नकोच. काचेला ओल धरते ती कापडात जाते. मागच्या बाजूला वरच्या काठाशी कापडाची रुंद नळी सैल टाक्यांनी शिवा, तिच्यातून गुळगुळीत दांडा घाला, म्हणजे वजन सगळ्या रुंदीवर वाटलं जातं. चिमटे आणि खिळे नकोत. उजेड हा कापडाचा सर्वांत मोठा शत्रू. वस्तुसंग्रहालयात जुन्या कापडावर सुमारे 50 लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. आपल्या घरात दिवसा खिडकीजवळच्या भिंतीवर त्याच्या कितीतरी पट असतो. गेलेला रंग परत येत नाही. म्हणून लावायचीच तर आतल्या खोलीत, आणि तीही वर्षातले दोन-तीन महिने.

कापडात दम असेल आणि दोन-चार जागीच विरलं असेल, तर दुरुस्ती. तुमच्या वर्णनावरून मला हीच शक्यता जास्त वाटते. इथे एक नियम मी कधी मोडत नाही. ठिगळाचं कापड मूळ कापडापेक्षा ताकदीचं नसावं. बाजारातून नवं कोरं कापड आणून लावलं तर छान दिसतं, पण ते ताठ असतं. प्रत्येक हालचालीला ते कडेच्या जुन्या कापडाला ओढतं आणि वर्षभरात ठिगळाच्या चारी बाजूंनी नवीन फाट तयार होते. तुमच्याच घरातली, भरपूर धुतलेली सुती साडी, धोतर किंवा मलमल घ्या. शक्य असेल तर भोकाच्या वर न लावता खाली सरकवा, म्हणजे आजीचं कापड वर दिसत राहतं. जिथे वरचं कापड जाळीसारखं झालंय तिथे वरून त्याच रंगाची अगदी पातळ मलमल किंवा मऊ जाळी टाचा. खालचं दिसतं आणि झिजायचं थांबतं. सुई बारीक, दोरा सुती, एकेरी. शक्य तिथे जुन्या टाक्यांच्या भोकांतूनच सुई घाला. गाठ कापडाच्या थरांत दडवा, वर ठेवू नका.

तिसरी अवस्था म्हणजे वरचं कापड गेलंय पण आतले थर मजबूत आहेत. तिथे दोन्हीकडून नवी खोळ. मी याचे दोन प्रकार करते. रोज वापरायची असेल तर खोळीसकट आरपार धावदोरा घालते, आणि ती खऱ्या अर्थाने नवी गोधडी होते. आतली जशीच्या तशी ठेवायची असेल तर खोळ फक्त काठाला आणि मध्ये वीतभर अंतरावर कच्च्या टाक्यांनी धरते. पुढेमागे मुलीला वाटलं, तर ते टाके उसवून पणजीचं काम पाहता येतं.

धुण्याबद्दल थोडं सांगते, कारण जुन्या गोधड्या वापरण्यापेक्षा धुण्यातच जास्त फाटतात. आपल्या लहानपणी नदीवर दोघीजणी गोधडी पिळायच्या आणि धोपटायच्या, ते धड गोधडीला चालतं. जुनी गोधडी ओली झाली की इतकी जड होते की उचलताना स्वतःच्या वजनाने टाके तोडते. टबात आधी जुनी चादर अंथरा, तिच्यावर गोधडी, मग साधं गार पाणी आणि रिठ्याचं किंवा अगदी सौम्य साबणाचं पाणी. फिकट कापडावर रिठ्याची किंचित छटा राहते, तिथे सौम्य साबणच बरा. चोळायचं नाही, तळव्याने दाबायचं. उचलताना खालच्या चादरीसकट उचला. बाजेवर आडवी पसरून सावलीत वाळवा. खळ असेल तर ती पूर्ण निघायला हवी, नाहीतर कसर लागते.

आता जर्मनी. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण आजीची मूळ गोधडी जशीच्या तशी तिकडे रोजच्या वापराला देऊ नका. तिकडे कपडे यंत्रात धुतात, पुष्कळ ठिकाणी गरम ड्रायरमध्ये वाळवतात. मुलगी कितीही जपणारी असली तरी परीक्षेच्या दिवसांत गोधडी एकदा यंत्रात जाईलच, आणि एकदाच पुरे. माझा सल्ला असा, की आजीची दुरुस्त करून तुमच्याकडे ठेवा आणि मुलीसाठी नवी शिवा. ती नवी तुमच्या आणि तुमच्या आईच्या साड्यांची असू द्या. आजीने तरी काय केलं होतं? त्या काळात घरात जे अंगावर होतं, ते घेतलं. तुमच्या घरातलं कापड घेतलंत तर तुम्ही आजीचीच रीत पुढे नेता. टाक्यांची मांडणी मात्र आजीच्या गोधडीवरून उतरवून घ्या. ओळींमधलं अंतर मोजा, चौकटी किती ते पाहा, काठाला टीप आहे की धावदोरा ते पाहा. हात असा उतरतो.

त्यासाठी कापड सुतीच हवं. साधारण 1970 च्या पुढे घराघरांत नायलॉन आणि टेरिकॉटच्या साड्या आल्या, आणि चांगली जुनेरं बोहारणीकडे भांड्यांच्या बदल्यात गेली. त्या काळानंतरच्या पुष्कळ गोधड्या म्हणूनच सिंथेटिक साड्यांच्या आहेत. त्या फाटत नाहीत, पण घाम टिपत नाहीत, थर एकमेकांवर सरकतात आणि सुईही घसरते. सुती लुगडं धुऊन धुऊन जेवढं मऊ होतं, तेवढा त्याच्या थरांत हवा धरून ठेवायचा गुण चांगला. आत कापूस नसताना गोधडी ऊबदार का लागते, तर पातळ थर आणि त्यांच्यात अडकलेली हवा. दोरा किंचित ओढून घेतला की दोन ओळींमध्ये बारीक उंचवटा येतो, तोही हवा धरतो. सैल टाक्यांची गोधडी म्हणूनच सपाट आणि गार लागते.

मापाचा हिशोब सांगते. नऊवारी लुगडं म्हणजे 324 इंच लांब आणि अंदाजे 45 इंच रुंद. 90 बाय 60 इंचाची गोधडी करायची, तर एका धड लुगड्यातून 90 इंचाचे 3 तुकडे निघतात आणि वर दीड वारभर कापड उरतं. उभे जोडून घेतले तर दोन लुगड्यांत चार थर आरामात होतात. पाचवारी साड्या असतील तर तीन तरी लागतील. साडीचा बसायचा भाग नेहमी विरलेला असतो, तो आतल्या थरात घाला. पदर आणि काठ वर.

आता त्या 8,000 रुपयांबद्दल. 90 बाय 60 इंचाच्या गोधडीवर अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळी घातल्या, तर दोऱ्याची एकूण वाट 10,800 इंच होते, म्हणजे 274 मीटर. इंचाला 4 टाके धरले तर 43,200 टाके. चार थरांतून सुई काढायची तर चांगला हात मिनिटाला 12 ते 15 टाके घालतो. म्हणजे नुसत्या शिवणीचे 48 ते 60 तास. त्यात थर लावणं, कच्चे टाके, काठ आणि कोपरे धरलेले नाहीत. 8,000 ला 60 ने भागा, तासाला 133 रुपये येतात, आणि त्यातूनच कापड, दोरा, प्रदर्शनातल्या गाळ्याचं भाडं आणि विकणाऱ्याचा वाटा जातो. शिवणारीच्या हातात काय पडतं याचा तुम्हीच अंदाज करा. मला ती किंमत जास्त वाटत नाही. उलट कुणी हाताने शिवलेली मोठी गोधडी 1,500 रुपयांत देत असेल, तर कुठल्यातरी बाईच्या श्रमाचे पैसे बुडालेले आहेत, किंवा ती हाताची नाही.

हाताची की यंत्राची, हे ओळखणं सोपं आहे. धावदोऱ्यात दोन टाक्यांमध्ये मोकळी जागा असते, आणि ती पुढे-मागे दोन्ही बाजूंना दिसते. यंत्राची शिवण दोन्हीकडून सलग रेघ असते. "शंभर वर्षं जुनी" म्हणून कुणी विकत असेल, तर काठाचा एक सुटा धागा मागून घ्या आणि जाळून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, आणि शंभर वर्षांपूर्वी पॉलिस्टर नव्हतं. जुन्या वस्तूबरोबर येणाऱ्या गोष्टींवरही लगेच विश्वास ठेवू नका. अमेरिकेत अशी एक लोकप्रिय गोष्ट आहे, की गुलामगिरीतून पळणाऱ्यांना क्विल्टच्या नक्षीतून गुप्त खुणा दिल्या जायच्या. इतिहासकारांना त्याचा पुरावा मिळालेला नाही, तरी ती अजून सांगितली जाते.

राहिला घरच्यांचा प्रश्न, चिंध्यांचं एवढं काय. हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो मलाही नेहमी विचारतात.

कापड स्वस्त झाल्यावर आपण चिंधीला चिंधी म्हणायला लागलो. सोळाव्या-सतराव्या शतकात बंगालमधल्या सातगावहून पोर्तुगीज व्यापारी पिवळ्या टसर रेशमाने भरतकाम केलेली सुती पांघरुणं लिस्बनला नेत, ती तिथल्या श्रीमंतांच्या पलंगांवर पडत. आपलं छापील चीट युरोपात इतकं आवडलं की तिथल्या विणकरांच्या तक्रारींवरून फ्रान्सने 1686 मध्ये त्यावर बंदी घातली, इंग्लंडनेही पुढे घातली. पुढच्या काळात तिथल्या आणि अमेरिकेतल्या बायका अशा चिटाच्या तुकड्यातली फुलं कातरून साध्या कापडावर टाचत आणि त्याचं पांघरूण करत. एवढासा तुकडाही फेकायची त्यांची तयारी नव्हती.

दुसरं उदाहरण मला जास्त जवळचं. अमेरिकेत अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचं गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या आणि पुढे कुळं म्हणून राबलेल्या काळ्या लोकांचं. तिथल्या बायका शेतात घालायच्या डेनिमच्या पँटी, शर्ट, पिठाची पोती, जे मिळेल त्याचे क्विल्ट शिवायच्या, कारण घरं गार आणि फटींची होती. 1972 मध्ये तिथल्या शिवणकाम सहकारी संस्थेला एका मोठ्या दुकानासाठी कॉर्डुरॉयच्या उशांच्या खोळी शिवायचं काम मिळालं, तर उरलेल्या कॉर्डुरॉयचे क्विल्ट गावभर दिसायला लागले. आपल्याकडे लुगडी गेली आणि टेरिकॉट आलं, तसंच. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात हे क्विल्ट टांगले गेले, लोकांनी त्यांना मोठ्या चित्रांच्या रांगेत बसवलं, 2006 मध्ये टपाल तिकिटं निघाली. त्यांतला 1942 मधला एक क्विल्ट मिझूरी पेटवे यांचा आहे. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचे कामाचे कपडे उसवून तो शिवला. अशा डेनिमच्या क्विल्टमध्ये जिथून खिसा काढलाय तिथे मूळ गडद निळा चौकोन राहतो, बाकी कापड उन्हाने फिकं झालेलं. त्या चौकोनातून तो माणूस किती वर्षं उन्हात उभा होता ते कळतं. हे नवीन कापडात मिळत नाही.

भिंतीवर लावून त्यांना चित्र म्हटलं याचा मला आनंद आहे, पण एवढ्यावर थांबणं मला पटत नाही. चित्राला वजन नसतं. गोधडी अंगावर पडते तेव्हाचा दाब, कुशीवर वळताना टाक्यांचा हाताला लागणारा खरखरीतपणा, लहानपणी काठावरच्या कोयऱ्या मोजत झोप लागणं, हे सगळं मिळून ती गोधडी होते. आणि आणखी एक. तिच्यात शिवणाऱ्या बाईचे निर्णय दिसतात. पुढे जिथे हिरवं संपलं तिथे तिने कोणता रंग घेतला, चांगला काठ कुठे मिरवला, विरलेला भाग कुठे दडवला. आमच्या भागातल्या कित्येक बायकांनी आयुष्यात आपल्या मनाने घेतलेले फार थोडे निर्णय असे उरलेत. म्हणून मी जुन्या गोधडीला चिंध्या म्हणू देत नाही.

आधुनिक गोधड्यांबद्दल मात्र माझं मत बाकीच्या जुन्या शिवणाऱ्यांसारखं कडक नाही. शहरात आता नवं सुती कापड आणून, मोजून कापून, यंत्रावर जोडून, रिकाम्या पांढऱ्या जागा सोडून फार सुरेख काम होतं. गोल पात्याच्या कापणीने चौकोन अगदी अचूक निघतात. त्यातली मोकळी मांडणी मला आवडते, माझ्या मुलींनाही मी ती पाहायला सांगते. एकच पथ्य. नवं कापड आधी धुऊन आटवून घ्या, आणि आत सुती थरच घाला. तुमच्या मुलीसाठी वरची बाजू अशी नव्या मांडणीची, आणि पाठीला आईची साडी, हाही पर्याय चांगला आहे. यंत्राने तुकडे जोडा, पण थर धरणारा धावदोरा हाताने घाला. ही गोधडी यंत्रात गार पाण्यात, सौम्य फेरीवर धुतली तर चालेल. ड्रायर नको, हे मुलीला दोनदा सांगा.

आता कामाचा क्रम. आधी गोधडीचे पुढून, पाठून आणि चारी कोपऱ्यांचे फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवून. आईला किंवा मावशीला विचारून कुठलं कापड कुणाचं ते एका पांढऱ्या पट्टीवर मार्करऐवजी दोऱ्याने लिहा आणि पट्टी पाठीला टाचा. शाई कालांतराने पसरते आणि कापडालाही त्रास देते. मग चिमटीची आणि ओल्या कापसाची तपासणी. मुलगी सप्टेंबरात निघणार असं लिहिलंय, तर नवीचं काम आत्ताच हातात घ्या. दोघीजणी रोज दोन तास बसलात तर महिन्याच्या आत होईल. आजीच्या गोधडीला पाणी लावायचं काम मात्र पावसाळ्यात काढू नका, चार थर आतून वाळत नाहीत आणि वास धरतो. ते दिवाळीनंतर करा. तोवर कापडाची पूड होतेय का आणि काळ्या भागांची अवस्था काय, एवढं कळवा. पाठीचा फोटो टाकलात तर कुठे मलमल घालायची ते मी खुणा करून सांगेन.